दस्तक व राहदारी : परमुलखीं जाणाऱ्यांच्या कागदांचा विचार

जुन्या दप्तरांचीं गांठोडीं सोडतांना संग्राहकांचें लक्ष प्रथम सनदा, तहनामे, वतनपत्रें आणि मोठ्या मुत्सद्द्यांचीं पत्रें यांकडे जातें, हें स्वाभाविकच आहे. त्याच गांठोड्यांत वीतभर रुंदीचे, चार-सहा ओळींचे व बहुधा घडीवर फाटलेले कागद सांपडतात. अमुक इसम अमुक ठिकाणीं जात आहे, त्यास वाटेंत अडथळा करूं नये, एवढाच त्यांतील मजकूर. त्यांत ना लढाई, ना मसलत. म्हणून ते निरुपयोगी समजून बाजूस सारले जातात, व पुढें वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या हवालीं होतात. परमुलखीं राहणाऱ्या माणसास कागदाच्या आधारावांचून पाऊल टाकतां येत नाहीं, ही आजची गोष्ट नवी नसून तिचें मूळ या चिटोऱ्यांत आहे. आणि तुझ्या मुलुखांत कोणीं यावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा राज्यसत्तेचा मुख्य प्रश्नही त्यांतच दिसतो, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा केला पाहिजे. दस्तक हा शब्द फारसी 'दस्त' म्हणजे हात यावरून आला. परवाना हाही फारसी, व कौल हा अरबी. राहदारी हा शब्द मात्र फसवा आहे. मोगली अंमलांत तो वाटेवरील जकातीचाही वाचक होता, व ही जकात औरंगजेबानें राज्यारोहणानंतर लवकरच माफ केल्याचें प्रसिद्ध आहे. मराठी कागदांत राहदारी म्हणजे बहुधा वाटेचें परवानगीपत्र. सबब एखाद्या कागदांत 'राहदारी' एवढाच शब्द आढळल्यास तो पैशाविषयीं आहे कीं माणसाविषयीं आहे, हें पुढील मजकुरावरून ठरवावें. शब्दावर विसंबूं नये.

या पत्रांची रचना साधी असते. मायना प्रवाशाच्या नांवें नसून वाटेवरील कमाविसदार, जकातदार, चौकीदार इत्यादिकांच्या नांवें असतो, आणि 'मुजाहीम न होणें' अशा धर्तीचे शब्द त्यांत येतात. म्हणजे पत्र लिहिलें एकास व जवळ बाळगलें दुसऱ्यानें. त्यामुळें अस्सल पत्र सरकारी दप्तरांत न राहतां प्रवाशाच्या घरीं राहणार हें उघड आहे, आणि म्हणूनच खासगी संग्रहांचें महत्त्व या बाबतींत अधिक. कालनिर्णयाची एक खूण येथें सांगतों. अशा पत्रांवर पुष्कळदां सुहूर सन असतो. 'इसन्ने तिसैन मया व अलफ' म्हणजे ११९२. हा सन मृगारंभीं बदलतो, म्हणून त्यांत मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंत ५९९ व पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे. महिना फाटून गेला असेल तर दोन्ही इसवी वर्षें द्यावीं. अंदाजानें एक ठरवूं नये.

जमिनीवरील दस्तकापेक्षां समुद्रावरील दस्तकाचा इतिहास अधिक बोलका आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनीं हिंदी महासागरांत फिरणाऱ्या गलबतांस आपलें 'कार्ताझ' घेण्याची सक्ती केली. हा शब्द अरबी 'किर्तास' म्हणजे कागद यापासून निघाला आहे. कार्ताझांत नाखोद्याचें नांव, गलबताचा आकार, माणसें, हत्यारें, कोणत्या बंदराहून कोठें जाणार व कोणता माल भरावयाचा नाहीं, हें सर्व लिहिलेलें असे. तें नसेल तर गलबत व माल दोन्ही जप्त. निजामशाही, आदिलशाही, किंबहुना खुद्द अकबर बादशहा यांच्याही गलबतांस तें घ्यावें लागे. या कागदांवर मरियम व येशू यांचीं चित्रें असत. तेव्हां तीं जवळ बाळगून हजेस जावें कीं न जावें असा वाद अकबराच्या दरबारीं उलेमांत निघाल्याचें बदाऊनी लिहितो. परक्या राज्याचा शिक्का खिशांत घेऊन फिरणें हा मनास टोंचणारा प्रकार आहे, हें त्या काळच्या लोकांसही उमगलें होतें.

या पार्श्वभूमीवर कान्होजी आंग्रे यांची भूमिका पाहावी. कोंकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनीं आपलें दस्तक घेतलें पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीज जें दोन शतकें करीत आले तेंच मराठ्यांचा सरखेल करूं लागतांच मुंबईकर इंग्रजांनीं त्यास चांचेगिरी हें नांव दिलें. गव्हर्नर बून यानें १७१८ त खांदेरीवर मोहीम केली, १७२१ त इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले; दोन्ही वेळां त्यांस हात हलवीत परत जावें लागलें. हा झगडा केवळ लुटीचा होता असें मानणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्याच सुमारास, १७१७ त, फर्रुखसियर बादशहाचें फर्मान मिळवून कंपनी बंगालांत आपल्या दस्तकावर जकातमाफीचा व्यापार करीत होती, व पुढें नोकरांच्या खासगी मालासही तेंच दस्तक लावल्यामुळें १७६३ त मीर कासिमाशीं युद्ध जुंपलें. म्हणजे दस्तकाची किंमत इंग्रजांस पुरती ठाऊक होती. नको होतें तें दुसऱ्याचें दस्तक.

आतां पुण्याकडे वळूं. शहरांत कोण आला व कोण गेला याची नोंद ठेवणें हें कोतवालाचें काम होतें. रात्रीं तोफ झाल्यावर रस्त्यांत सांपडणाऱ्यास गस्तवाले धरीत. उशिरां बाहेर राहिलेल्या खुद्द पेशव्यासही रात्रभर अटकेंत बसावें लागल्याची हकीकत टोन नामक युरोपियन लष्करी अधिकाऱ्यानें लिहून ठेविली आहे. या बंदोबस्ताची स्तुति पुष्कळांनीं केली आहे; परंतु त्याची दुसरी बाजू १७९१ च्या श्रावणांत दिसली. पर्वतीजवळील रमण्यांत दक्षिणा वांटली जाई, तीसाठीं दूरदूरचे ब्राह्मण येत. त्यांपैकीं कांहीं तेलंगी ब्राह्मणांस घाशीराम कोतवालाच्या लोकांनीं चोरीच्या आळावर धरून भवानी पेठेंत एका कोंदट जागीं कोंडलें, व त्यांतील वीसांहून अधिक गुदमरून मेले. पुढें लोकक्षोभ होऊन घाशीरामाचा दगडांखालीं अंत झाला, हें सर्वश्रुत आहे. घाशीरामाच्या क्रौर्याविषयीं बरेंच लिहिलें गेलें. पण मेलेले लोक परमुलखीं होते, त्यांची भाषा वेगळी होती, आणि धरलें त्या क्षणीं त्यांच्याविषयीं खातरजमा देणारा शेजारीपाजारी तेथें कोणी नव्हता, याकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. हमी देणारें माणूस किंवा कागद यांपैकीं एकही जवळ नसलें म्हणजे परक्याची गत काय होते, याचें हें पुण्याच्या इतिहासांतील ढळढळीत उदाहरण होय. गंमत अशी कीं, घाशीराम स्वतःही या प्रांतींचा नव्हता.

राज्य बळकट असतां परक्यास आंत घेण्याची परवानगी मागावी लागे. चार्ल्स मॅलेट हा १७८६ त पुण्यास वकील म्हणून आला, त्यापूर्वीं १७८५ त त्यास उत्तरेंत महादजी शिंद्यांच्या भेटीस जावें लागलें. पुढें चित्र उलटलें. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानें इंग्रजांशीं वैर असलेल्या युरोपियन राष्ट्रांचे लोक पदरीं न ठेवण्याचें पेशव्यानें कबूल केलें. १८०३ त सुर्जी अंजनगांवीं शिंद्यांनींही तसेंच बंधन पत्करलें. या कलमांचा विचार इतिहासकार तैनाती फौजेच्या मानानें कमी करितात. परंतु आपल्या उंबरठ्याच्या आंत कोणास घ्यावें हें ज्यास ठरवितां येत नाहीं, त्याचें राज्य १८१८ पूर्वींच अर्धें गेलें होतें, असें आम्हांस वाटतें.

इंग्रजी अमदानींत कागदाचें ओझें आपल्या लोकांवर आलें. आनंदीबाई जोशी १८८३ त अमेरिकेस गेल्या तेव्हां तेथें उतरण्यास व्हिसा लागत नसे. १९१७ च्या तेथील कायद्यानें हिंदी लोकांस प्रवेशबंदी झाली. विद्यार्थी, व्यापारी इत्यादिकांस सूट असली तरी ती कागदानिशीं सिद्ध करणें ज्याचें त्याजकडे. इकडे १९२० त हिंदुस्थानांत येण्यासाठीं पासपोर्टाचा कायदा झाला. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे तरुणपणीं परदेशीं गेले, मेक्सिकोंत शेतकीचे अध्यापक झाले. मायभूमीचें दर्शन त्यांस घडलें तें १९४९ त, स्वराज्य आल्यावर. गोमंतकाची गोष्ट तर घरचीच. १९५५ च्या मे महिन्यांत ना. ग. गोरे व सेनापति बापट यांची तुकडी पोर्तुगीजांचा परवाना न मागतां हद्द ओलांडून गेली. परवाना न मागणें हाच त्यांचा सत्याग्रह होता. कार्ताझाच्या सत्तेस दिलेलें तें शेवटचें उत्तर म्हणावयास हरकत नाहीं. मुक्तीनंतर १९६२ च्या नागरिकत्व-आदेशानें गोमंतकीयांस हिंदी नागरिक मानण्यांत आलें, व ज्यांस तें नको होतें त्यांनीं एका महिन्याच्या आंत तसें लिहून द्यावयाचें होतें.

१९२० चा तो कायदा २०२५ त रद्द होऊन त्याच्या जागीं नवा आला. परक्यास उतरून घेणाऱ्यानें त्याची खबर सरकारांत देण्याचें बंधन मात्र कायम आहे. कोतवालाची वही अशी अजून चालूच आहे. आज सदाशिव पेठेंतील कितीतरी घरांतील मुलें परमुलखीं आहेत, आणि त्यांच्या वडीलमंडळींच्या कपाटांत मुदत संपलेले पासपोर्ट, बोटीचीं तिकिटें, राहण्याचे परवाने, नामंजूर झालेले अर्ज पडून आहेत. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, दस्तक व राहदारी यांची निराळी टांचणी करून मायना, ठिकाणें व सन यांची यादी करावी. आणि पेशवाईंतील चिटोऱ्यांविषयीं झालेली हयगय या नव्या चिटोऱ्यांविषयीं होऊं देऊं नये. नामंजुरीचा कागद तर अवश्य ठेवावा. मंजुरी मिळालेला मनुष्य आपली हकीकत स्वतः सांगतो. दारांतून परत फिरलेल्याची हकीकत सांगणारा तो एकच कागद असतो.