राजवाड्यातील सुना आणि त्यांच्यावरील किटाळ

खेडहून चिपळूणमार्गे गुहागरकडे जाताना आम्हांला एका माहेरवाशिणीची आठवण हटकून होते. गुहागरच्या ओकांची ही लेक रघुनाथराव पेशव्यांची दुसरी पत्नी होऊन शनिवारवाड्यात गेली आणि आनंदीबाई या नावाने अवघ्या महाराष्ट्राच्या जिभेवर बसली. ती कशी बसली हे सांगावयास नको. आमच्या धर्मग्रामातही एखादी सून घरात भांडण लावते असे वाटले की सासरची मंडळी तिला हेच नाव बहाल करतात. 'ध' चा 'मा' करणे हा वाक्प्रचार तर शाळेतील पोरासही ठाऊक असतो.

घडले ते असे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी शनिवारवाड्यात ठार केले. रामशास्त्री प्रभुणे यांनी या प्रकरणी दोषाचा रोख थेट रघुनाथरावांकडे वळविला आणि त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. इथपर्यंत इतिहास. यापुढची कथा अशी की, नारायणरावांस 'धरावे' असा हुकूम काकांनी दिला होता आणि काकूंनी त्यातील 'ध' खोडून 'मा' केला. परंतु असा फेरफार केलेले अस्सल पत्र अभ्यासकांसमोर आलेले नाही. पत्र नाही, पण कथा मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' हे नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले आणि हे सारे प्रकरण आपल्या आजे-पणज्यांनी दिव्यांच्या झगमगाटात पाहिले. एकदा डोळ्यांनी पाहिले की मग पुराव्याची मागणी कोण करतो?

रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली आली, आणि तिने पेशव्यांच्या वाड्याचे माजघर मराठी वाचकासाठी उघडले. तिचा शेवट १७७२ मध्ये थेऊरला होतो, म्हणजे नारायणरावांच्या वधाच्या आधीच. तरी वाचकाला पुढचे ठाऊक असतेच. आनंदीबाई पानावर आल्या की त्याच्या कपाळावर आठी उमटते. हा दोष लेखकाचा नव्हे, आपलाच.

गुरुविद्यालयात आम्ही लॅटिन शिकलो तेव्हा रोमचे इतिहासकार हाती आले, आणि पुढे इंग्रजी कादंबऱ्याही. त्या वाचताना आम्हांला पुन्हा पुन्हा आपल्या गुहागरच्या लेकीची आठवण येत गेली. सम्राट ऑगस्टस इ. स. १४ मध्ये नोला येथे वारला तेव्हा त्याला शहात्तरावे वर्ष संपत आले होते. त्या वयात मरणाला कारण लागत नाही. परंतु गादीवर आला तो त्याची पत्नी लिव्हिया हिचा आधीच्या लग्नाचा मुलगा, टायबेरिअस. तेवढे पुरे झाले. सुमारे शंभर वर्षांनंतर लिहिणारा टॅसिटस म्हणतो की काहींना पत्नीचा संशय आला. त्याच्याही शंभर वर्षांनंतरचा डिओ कॅशियस विषारी अंजिरांची वदंता नोंदवितो. विसाव्या शतकात, १९३४ साली, रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 'आय, क्लॉडियस' लिहिली आणि संशयाचे रूपांतर सत्यात झाले. युक्तीही नामी. सम्राट क्लॉडियसने खरोखरच आत्मचरित्र लिहिले होते आणि ते हरवले. ग्रेव्हज यांनी त्या रिकाम्या जागी आपली कादंबरी ठेवली. आज कोणी लिव्हियाचे नाव घेतले की अंजीर आठवते. आमच्याकडे 'ध' आणि तिकडे अंजीर!

फरक एवढाच की लिव्हियाने मुलाचे राज्य पाहिले. आनंदीबाईंच्या वाट्याला पतीच्या निधनानंतर नजरकैद आली. १७९४ साली त्या वारल्या, आणि त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव १७९६ मध्ये पेशवा झाला.

नीरोच्या बाबतीत तर आपण ख्रिस्ती लोक न्यायासनावर आधीच बसलेलो असतो. त्याने आपल्या आईचा, अ‍ॅग्रिपिनेचा, वध करविला आणि इ. स. ६४ च्या आगीनंतर ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला, हे खरेच आहे. सिएन्कीविच यांच्या 'क्वो वादिस' या कादंबरीने ते चित्र जगभर पोहोचविले. पण रोम जळताना तो वाद्य वाजवीत बसला, हे आम्ही एकदा प्रवचनातही ठोकून दिले होते. नंतर टॅसिटस पुन्हा उघडला. आग लागली तेव्हा नीरो अँटियम येथे होता, आणि परत आल्यावर त्याने बेघरांसाठी आपल्या बागा खुल्या केल्या, असे तोच सांगतो. गायनाची गोष्ट त्याने अफवा म्हणूनच दिली आहे. पुढच्या रविवारी ही दुरुस्ती सांगताना आमची जीभ थोडी जड झाली, हे कबूल करतो. 'खोटी साक्ष देऊ नको' ही आठवी आज्ञा मेलेल्या आणि दुष्ट माणसांनाही लागू आहे काय, असे एका मुलाने मिस्सानंतर विचारले. आम्ही 'होय' म्हटले.

आणि आपल्या माणसांचे काय? सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२६ साली आपला थोरला मुलगा क्रिस्पस याला ठार करविले. लगोलग पत्नी फॉस्टाही त्याच्याच हुकमाने मेली. सावत्र आईने मुलावर आळ घेतला, मग तो खोटा ठरला, अशी कथा पुढे जुळविली गेली. पुन्हा दोष सावत्र आईकडेच गेला! कैसरियाचा बिशप युसेबियस हा त्या काळचा आपला मोठा इतिहासकार. त्याने सम्राटाच्या चरित्रात या मृत्यूंविषयी एक अक्षर लिहिले नाही, आणि आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात आधी केलेली क्रिस्पसची स्तुती नंतर काढून टाकली. पुण्यात एक अक्षर बदलल्याची कथा आहे. इथे अख्खे नावच गाळल्याचा पुरावा आहे, आणि गाळणारा बिशप होता.

त्याच सुमारास सम्राटाची आई हेलेना ऐंशीच्या घरात असताना पवित्र भूमीच्या यात्रेला निघाली. एव्हलिन वॉ यांनी तिच्यावर १९५० साली कादंबरी लिहिली. पवित्र क्रूस हेलेनेला सापडला असे संत अँब्रोज ३९५ साली सांगतात. युसेबियस तिच्या यात्रेचे वर्णन करतो, पण क्रूसाविषयी बोलत नाही. आम्हांला मात्र त्या यात्रेतील म्हातारीच अधिक दिसते. नातू गेलेला, सूनही गेलेली, आणि दोघांच्याही मृत्यूचा हुकूम पोटच्या मुलाचा. ती जेरुसलेमच्या वाटेवर काय प्रार्थना करीत होती, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. १८ ऑगस्टला तिचा सण येतो, आणि बारा दिवसांनी नारायणरावांच्या वधाची तारीख. त्या पंधरवड्यात आम्ही मिस्साच्या वेळी क्रिस्पस, फॉस्टा, नारायणराव आणि गुहागरच्या त्या लेकीचेही नाव मनात घेतो.