काड्यांवर मांडलेली लढाई

१९४१ साली कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडो गावी जॉन थॅच नावाचा एक नौदल अधिकारी रात्री घरच्या टेबलावर काडेपेटीतल्या काड्या मांडून बसत असे. एक काडी म्हणजे एक विमान. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पण जपानच्या एका नव्या लढाऊ विमानाच्या बातम्या चीनमधून येऊ लागल्या होत्या. वेगात, चढण्यात आणि झटकन वळण्यात हे विमान अमेरिकी विमानांना मागे टाकते, असे गुप्त टिपणांत म्हटले होते. कित्येकांना ही अतिशयोक्ती वाटली. थॅचने मात्र ती माहिती खरी धरली आणि आपल्या कमअस्सल विमानांनी अशा शत्रूपुढे टिकायचे कसे, हा प्रश्न सोडवायला घेतला.

तो 'फायटिंग थ्री'चा, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या व्हीएफ-३ या लढाऊ स्क्वाड्रनचा प्रमुख होता. पेटलेला बॉम्ब घेऊन पळणारा फेलिक्स बोका हे तिचे चिन्ह. ही स्क्वाड्रन युद्धात उतरली ती ग्रुमन कंपनीची वाइल्डकॅट विमाने घेऊन. आखूड, जाडजूड बांध्याचे हे विमान होते. वैमानिकाच्या पाठीमागे चिलखती पत्रा, आणि गोळी लागली तरी भोक आपोआप बुजवणारी इंधनाची टाकी. झीरोत, म्हणजे जपानच्या त्या नव्या विमानात, यातले काहीच नव्हते; वजन वाचवण्यासाठी जपान्यांनी ते सोडून दिले होते. त्यामुळे वाइल्डकॅट मार खाऊन परत येऊ शके, पण मागे लागलेल्या झीरोला हुलकावणी देणे त्याला जमत नसे.

थॅचने आधी तीन-तीन विमानांच्या जुन्या रचनेला फाटा दिला. दोन विमानांची एक जोडी, आणि दोन जोड्या मिळून चार विमाने. या दोन जोड्यांनी एकमेकींपासून ठरावीक अंतर राखून समांतर उडायचे आणि एकमेकींच्या शेपटीवर नजर ठेवायची. डावीकडच्या जोडीमागे शत्रू लागला, की उजवीकडची जोडी तिच्या दिशेने वळणार. तिला वळताना पाहिले, की डावीकडच्यांनी मागे न बघता समजायचे की आपल्या पाठीवर कोणीतरी आहे, आणि त्यांनीही आत वळायचे. रेडिओवर एक शब्दही बोलावा लागत नाही. दोन्ही जोड्या वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींना छेदून जातात. शत्रूने पाठलाग सोडला नाही, तर दुसऱ्या जोडीच्या बंदुका थेट त्याच्या तोंडासमोर येतात. सोडला, तर त्याची कूस उघडी पडते.

काड्यांवर जमले ते आकाशात जमेल का? ते पाहायला थॅचने आपल्या स्क्वाड्रनमधल्या सर्वांत तरबेज वैमानिकाला हल्लेखोर बनवले. एडवर्ड ओहेअर हे त्याचे नाव. सगळे त्याला बुच म्हणत. ओहेअरच्या विमानांना पूर्ण ताकद वापरायची मुभा होती. थॅचच्या विमानांनी मुद्दाम इंजिनाची ताकद कमी ठेवली. म्हणजे एक बाजू झीरो, दुसरी वाइल्डकॅट. दर वेळी ओहेअर नेम धरायला जाई, तोच समोरून दुसरे विमान त्याच्यावर रोखलेले असे. खाली उतरल्यावर त्याने थॅचला सांगितले, की ही युक्ती चालणार.

यानंतर काही महिन्यांतच जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात ओढली गेली. व्हीएफ-३ मूळची साराटोगा या विमानवाहू नौकेवरची. ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीने साराटोगावर पाणतीर मारला, नौका दुरुस्तीला गेली आणि स्क्वाड्रन लेक्सिंग्टन या दुसऱ्या विमानवाहू नौकेवर चढली. युद्धकाळात नौका बुडत, जखमी होत. स्क्वाड्रनला मिळेल त्या डेकवर बिऱ्हाड हलवावे लागे.

२० फेब्रुवारी १९४२ रोजी लेक्सिंग्टन रबौल या जपानी तळावर हल्ला करायला निघाली होती. जपानी टेहळणी विमानांनी तिला हेरले आणि रबौलहून १७ बॉम्बफेकी विमाने आली, सोबत एकही लढाऊ विमान नव्हते. पहिल्या नऊ विमानांचा व्हीएफ-३ ने धुव्वा उडवला. पण उरलेली आठ दुसऱ्या बाजूने नौकेकडे येत होती, आणि त्यांच्या वाटेवर दोनच वाइल्डकॅट होती: ओहेअर आणि त्याचा जोडीदार मॅरियन डफिल्हो. डफिल्होच्या मशीनगन अडकल्या. ओहेअर एकटा उरला.

त्याच्याकडे चार मशीनगन होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ४५० गोळ्या. सतत झाडल्या तर अर्ध्या मिनिटाच्या थोड्या पुढे संपतील एवढाच हा साठा. तो जपानी तुकडीच्या कडेच्या विमानापासून सुरुवात करून आत आत घुसत गेला. एका विमानाचे इंजिनच निखळून पडले. नौदलाने पाच विमाने त्याच्या नावावर मांडली; पुढे जपानी नोंदी तपासणाऱ्यांनी तो आकडा तीनवर आणला आणि आणखी काही विमाने जबर जखमी झाल्याचे दाखवले. आकडा कमी झाल्याने त्या चार मिनिटांचे मोल कमी होत नाही. एकही बॉम्ब लेक्सिंग्टनला लागला नाही. स्क्वाड्रनने त्या दिवशी दोन विमाने आणि एक वैमानिक गमावला.

पराभवांच्या बातम्यांनी खचलेल्या अमेरिकेला नायक हवा होता, तो मिळाला. २१ एप्रिल रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत ओहेअरला मेडल ऑफ ऑनर देण्यात आले. त्याचे वडील शिकागोतले वकील. कुप्रसिद्ध गुंड अल कपोनला तुरुंगात पाठवण्यात सरकारला त्यांची मदत झाली होती आणि १९३९ मध्ये त्यांचा भररस्त्यात खून झाला होता.

लेक्सिंग्टनवरच्या त्या हल्ल्यात झीरो नव्हते, त्यामुळे काड्यांची खरी परीक्षा राहिलीच होती. ती जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत झाली, आणि अगदी वाईट परिस्थितीत झाली. कोरल समुद्रातल्या लढाईत जखमी झालेली यॉर्कटाउन ही विमानवाहू नौका पर्ल हार्बरच्या कामगारांनी तीन दिवसांत पुन्हा समुद्रात लोटली. तिच्यावर थॅचची स्क्वाड्रन आली, पण ती नावापुरतीच जुनी होती. बरेचसे वैमानिक व्हीएफ-४२ या दुसऱ्या स्क्वाड्रनमधून घेतलेले होते आणि थॅचची पद्धत त्यांना शिकवायला वेळच नव्हता. नवे वाइल्डकॅट पंख दुमडणारे, म्हणून जागा वाचवणारे. पण जास्त जड. त्यात सहा मशीनगन होत्या, मात्र प्रत्येकीत गोळ्या २४०च. ३० मे रोजी डेकवर उतरताना एक विमान अडथळा ओलांडून उसळले आणि थॅचचा जवळचा सहकारी डॉन लव्हलेस त्याखाली मारला गेला. लढाईला पाच दिवस उरले होते.

४ जूनच्या सकाळी लान्स मॅसीची १२ पाणतीरवाहू डेव्हास्टेटर विमाने जपानी ताफ्याकडे निघाली. त्यांच्या राखणीला थॅचने आठ विमाने मागितली. दोन जोड्यांच्या रचनेला चाराच्या पटीतच विमाने लागतात. त्याला मिळाली सहा. दोन खाली डेव्हास्टेटरपाशी राहिली, चार वर. झीरो तुटून पडले आणि एडगर बॅसेट पहिल्याच झडपेत गेला. उरले तिघे. त्यातल्या ब्रेनर्ड मॅकोम्बरने ही पद्धत कधी केलीच नव्हती, शिवाय त्याचा रेडिओ बंद पडलेला. तो थॅचला चिकटून उडत राहिला. शेवटी थॅचने रॅम डिब या तरुण एन्साइनला बाजूला जायला सांगितले आणि त्या एकट्यालाच दुसरी जोडी मानून वळणे सुरू केली.

आणि पद्धत चालली. एक झीरो डिबच्या मागे लागला, डिब आत वळला, थॅचने समोरून गोळ्या झाडल्या आणि झीरो पेटला. थॅच मांडीवरच्या टिपणवहीवर पाडलेल्या विमानांच्या खुणा करत होता. मग त्याने ते थांबवले, कारण ती वही परत जाईल असे त्याला वाटेना. तरीही ते तिघे परत आले.

मॅसीची तुकडी मात्र परत आली नाही. १२ पैकी १० विमाने तिथेच पाडली गेली, उरलेली दोन परतीच्या वाटेवर समुद्रात उतरली. मॅसीही गेला. सहा वाइल्डकॅट त्यांना वाचवू शकत नव्हते, पण त्या झटापटीत झीरो खाली गुंतून पडले असताना वरून अमेरिकी बॉम्बफेके कोसळले आणि काही मिनिटांतच आकागी, कागा आणि सोर्यू या तीन विमानवाहू नौका पेटल्या. दुपारी उरलेल्या हिर्यू या जपानी नौकेच्या विमानांनी यॉर्कटाउनला गाठले. जळत्या विमानातूनही पाणतीर सोडूनच कोसळलेल्या एका जपानी वैमानिकाच्या धैर्याबद्दल थॅच पुढे आदराने बोलत असे. ७ जूनच्या पहाटे यॉर्कटाउन बुडाली.

थॅच पुन्हा कधी स्क्वाड्रन घेऊन लढला नाही. नौदलाने त्याला शिकवायला पाठवले, आणि हा निर्णय शहाणपणाचा होता. जिमी फ्लॅटली या दुसऱ्या स्क्वाड्रन-प्रमुखाने त्या डावपेचाला 'थॅच वीव्ह' हे नाव दिले आणि ग्वाडलकनालच्या लढाईपासून पुढे ती सगळ्यांची पद्धत झाली. व्हीएफ-३ ओहेअरकडे गेली. जुलै १९४३ मध्ये कारकुनी अदलाबदलीत तिला व्हीएफ-६ हा क्रमांक मिळाला आणि जुनी व्हीएफ-६ कागदोपत्री व्हीएफ-३ झाली. फेलिक्स बोक्यावर दोघीही हक्क सांगू लागल्या. आज तो व्हीएफए-३१ कडे आहे, म्हणजे थॅचच्या नव्हे तर त्या दुसऱ्या स्क्वाड्रनच्या वारसांकडे. बोक्याच्या चित्रासाठी माणसे भांडतात, तेव्हा त्या चित्राखाली कोण मेले हे त्यांना ठाऊक असते, असेच मानावे लागते.

२६ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री गिल्बर्ट बेटांजवळ रडारच्या मदतीने अंधारात लढण्याच्या नव्या प्रयोगात ओहेअर समुद्रात नाहीसा झाला. तो २९ वर्षांचा होता.

१९४९ मध्ये शिकागोच्या विमानतळाला त्याचे नाव दिले गेले. या विमानतळावरून दरवर्षी कितीतरी मराठी माणसे येतात-जातात. तिथल्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये मिशिगन सरोवराच्या तळातून काढलेले एक वाइल्डकॅट त्याच्या स्मरणार्थ ठेवले आहे. ओहेअरच्या शौर्याने एक नौका वाचली. थॅचच्या पद्धतीने किती वैमानिक वाचले त्याची मोजदाद नाही. तिथून जाणे झाले आणि हाताशी वेळ असला, तर ते विमान जरूर पाहावे, आणि पाहताना थॅचचेही नाव घ्यावे.