जुने गोवे : चर्च, कमान आणि मराठी

भोर शहराच्या दक्षिणेला रोहिडा किल्ला आहे. विचित्रगड हे त्याचे दुसरे नाव. बाजारवाडीकडून गड चढताना तिसऱ्या दरवाजापाशी आले की दोन शिलालेख दिसतात. एक मराठीत आहे आणि एक फारसीत. विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाच्या कारकिर्दीत, मे १६५६ मध्ये, या दरवाजाचे काम झाल्याचे त्यांवरून कळते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलांना घेऊन या दरवाजापाशी अनेकदा गेलो आहोत. फारसी लेखावरून बोट फिरवत मुले अलिफ, लाम, मीम शोधतात आणि एखादे अक्षर सापडले की आनंदाने ओरडतात. मराठी लेखापाशी मात्र कोणी थांबत नाही. एकदा आम्ही थांबवले, तर एकजण सहज म्हणाला, "सर, वो तो उनका है."

एकाच बादशहाच्या काळातले, एकाच दरवाजावरचे दोन लेख. त्यांतला एक आपला आणि दुसरा त्यांचा, ही वाटणी पोराला कोणी शिकवली? पाठ्यपुस्तकात तर ती नाही. विचार केल्यावर वाटले, दोष आमचाही असावा. आम्हीच फक्त फारसी लेख वाचून दाखवत होतो.

भोर-वेल्ह्याकडच्या (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात) शाळांच्या सहली राजगड, तोरणा, बनेश्वर, फार तर रायगडपर्यंत जातात. मागच्या हिवाळ्यात आम्ही गोव्याला जायचे ठरवले. पालकांना समुद्र दाखवतो म्हणून सांगितले. आमच्या मनात मात्र जुने गोवे होते. एसटीची गाडी ठरली, कापूरहोळला हमरस्त्याला लागलो आणि कोल्हापूरमार्गे दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीच्या काठी पोचलो.

जुने गोवे आज काही चर्चांचे आणि बऱ्याच झाडीचे गाव आहे. सोळाव्या शतकात मात्र ते पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साऱ्या राज्याची राजधानी होते आणि त्यांच्या विद्येचेही केंद्र होते. त्याच्याही आधी ते आदिलशाहीचे बंदर होते. बहामनी वजीर महमूद गवानने १४७२ मध्ये गोवा जिंकले आणि बहामनी राज्य फुटल्यावर ते विजापूरकडे आले. त्या काळाची एक खूण अजून उभी आहे. सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात काळ्या दगडाची एक चौकट आहे, तीच आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा. वाडा गेला, दरवाजा तेवढा राहिला. रोहिड्याच्या लेखातले घराणे ते हेच, असे सांगताच मुले त्या चौकटीभोवती गोळा झाली आणि तोच मुलगा म्हणाला, "सर, फिर ये सब अपना था?"

या प्रश्नाला एका शब्दात होय म्हणणे सोपे होते. पण इतिहासाच्या शिक्षकाने सोपे उत्तर देऊ नये. आम्ही मुलांना सावलीत बसवले आणि १५१० सालची हकीगत सांगितली. त्या वर्षी आल्फोन्सो द आल्बुकर्कने गोवा एकदा घेतले, विजापूरच्या फौजेने ते परत मिळवले आणि २५ नोव्हेंबरला आल्बुकर्कने ते पुन्हा जिंकले. त्याला वाट दाखवणारा तिमोजा इथलाच, कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचा होता. त्यानंतर शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. बायका-मुलेही सुटली नाहीत. हे आल्बुकर्कच्या शत्रूंनी रचलेले नाही, आपल्या राजाला धाडलेल्या पत्रात त्यानेच ते अभिमानाने कळवले आहे. तो दिवस संत कॅथरिनचा होता, म्हणून इथले मोठे चर्च, से कॅथेड्रल, तिच्या नावाने उभे राहिले. १५६२ मध्ये काम सुरू झाले, १६४० मध्ये ते प्रार्थनेसाठी अर्पण झाले. आशियातल्या सर्वांत मोठ्या चर्चांत त्याची गणना होते.

मुले गप्प झाली. मग त्यांनी दुसरा प्रश्न काढला, "अंदर जाना जायज है क्या?"

आम्ही त्यांना हजरत उमर (रजि.) यांची हकीगत सांगितली. जेरुसलेम शरण आले तेव्हा ते तिथल्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये गेले होते. नमाजची वेळ झाली. धर्मगुरूंनी आतच नमाज अदा करायला सांगितले. हजरत उमर यांनी ते मानले नाही आणि बाहेर येऊन नमाज अदा केली. आपण आत नमाज पढलो तर उद्या आपलेच लोक या जागेवर हक्क सांगतील, अशी त्यांना भीती होती. चर्चमध्ये जायला त्यांनी मनाई केली नाही, चर्च बळकावण्याची वाट तेवढी बंद केली. एवढे सांगून आम्ही मुलांना आत नेले. उंच छत, सोनेरी वेदी आणि शांतता. मुलांनी आपसूक आवाज खाली आणले.

बाहेर पडून दर्शनी भाग पाहिला तेव्हा एका मुलीने विचारले, एकच मनोरा का? दुसरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला नाही. समोर बॉम जेझूस आहे. १५९४ ते १६०५ या काळात जांभ्या दगडात बांधलेले. आत चांदीच्या पेटीत संत फ्रान्सिस झेवियरचे शव आहे. तो १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारला. त्याच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या तोस्कानाच्या सरदाराने पाठवला आणि १६९८ मध्ये तो इथे बसवला गेला. दरवाजाशी फुले विकणाऱ्या एका बाईंनी मुलांना विचारले, "कुठले रे तुम्ही?" मुले एका सुरात म्हणाली, "भोरचे." बाई म्हणाल्या, "म्हणजे मराठीच की!" मुलांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी नाही म्हटले नाही.

तिथून टेकडी चढून सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चकडे गेलो. १६०२ चे हे चर्च कधीच ढासळले. ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा निम्मा तुकडा आकाशात उभा आहे. आदिलशहाच्या दरवाजापाशी १५१० ची हकीगत ऐकून मुलांच्या मनात राग साठला होता, तो आम्हाला दिसत होता. म्हणून इथली हकीगत सांगणे आम्हाला अधिकच गरजेचे वाटले. जॉर्जियाची राणी केतेवान इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती. तिने इस्लाम स्वीकारायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराजला तिला हाल करून मारण्यात आले. ऑगस्टिनी साधूंनी तिचे अवशेष गोव्यात आणून या चर्चमध्ये ठेवले. उत्खननात सापडलेले एक हाड तिचेच असावे, हे हैदराबादच्या प्रयोगशाळेतील तपासणीने २०१३ मध्ये दाखवून दिले आणि २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला भेट दिले. दीनमध्ये जबरदस्ती नाही हे आपण रोज सांगतो. शाह अब्बासलाही ते ठाऊक असणारच.

सकाळी ज्यांचे रक्त सांडले ते आपले होते, दुपारी ज्याने सांडले तो आपला म्हणवणारा होता. फक्त पहिली गोष्ट सांगून मुलांना घरी नेले असते तर आम्ही शिक्षक राहिलो नसतो.

शेवटी, जिच्यासाठी आम्ही मुळात आलो होतो ती जागा. रस्त्याकडेला जांभ्या दगडाची एक एकटी कमान आहे. पर्यटकांच्या गाड्या इथे थांबत नाहीत. सेंट पॉल कॉलेजचे एवढेच उरले आहे. १५४२ मध्ये हे कॉलेज जेझुइटांच्या हाती आले. १५५६ मध्ये इथे छापखाना उतरला, भारतातला पहिला. तो खरे तर हबशाला, म्हणजे ॲबिसिनियाला, निघाला होता. वाटेत गोव्यात थांबला तो कायमचा.

त्याच मुद्रणकलेच्या आधाराने पुढे मराठीत एक मोठा ग्रंथ निघाला. टॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. साष्टीतल्या खेड्यांत राहून त्याने कोकणी आणि मराठी आत्मसात केली. इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, हे त्याने १५८३ मध्येच आपल्या भावाला लिहिले होते. विल्यम जोन्सने हा विचार मांडला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी. १६१६ मध्ये राचोलला त्याचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. मराठीचे कौतुक त्याने मनापासून केले आहे. त्याच्याच काळात श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' रचत होते, पुढे हुसेन अंबरखानांनी गीतेवर ओवीबद्ध टीका लिहिली. तिघांचे धर्म आणि मार्ग वेगळे होते, पण तिघांनी ओवी हाच छंद निवडला. मराठी कोणा एका धर्माची असती तर हे घडले नसते.

पण या कथेला दुसरी बाजूही आहे. क्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापले गेले. इथल्या लिपीचे खिळे पाडायचे तर सहाशेच्या आसपास साचे लागतील, हे स्टीफन्सने १६०८ मध्ये वरिष्ठांना कळवले होते. ते साचे कधी झाले नाहीत. ग्रंथाची भाषा मराठी आणि लिपी परकी, म्हणून गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाला शतकानुशतके त्याचा पत्ताच नव्हता. १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. छापील देवनागरीत यायला १९५६ साल उजाडले. दरम्यान ज्या सत्तेच्या आश्रयाने तो लिहिला गेला, तिने १५६० मध्ये धर्मन्यायालय आणले होते आणि १६८४ मध्ये लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी असा हुकूम काढला. स्टीफन्सला मारून मुटकून कोणी मराठी शिकवली नव्हती आणि लोकांची बोली हुकमाने सुटली नाही.

आमची मुले उर्दू लिहितात. त्याबद्दल आम्हाला कमीपणा नाही, अभिमान आहे. पण घराबाहेर पाऊल ठेवताच बाजार, एसटी, तलाठी, दवाखाना सारे मराठीत आहे. दहावीच्या पेपरात मराठीत मार्क कमी पडले की आपण "परकी भाषा आहे" म्हणून समजूत काढतो. आणि बाहेर कोणी "तुम्हाला मराठी छान येते हो" असे कौतुकाने म्हटले की मनात दुखते, कारण चारशे वर्षांच्या शेजाऱ्याला कोणी असे म्हणत नाही. हे दुखणे खरे आहे. मात्र ती भाषा आपणच मुलांना 'उनका' म्हणून शिकवत असू, तर तक्रार कोणाकडे करणार?

सहलीहून परतल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा रोहिड्यावर गेलो. या वेळी प्रत्येक जोडीला दोन कोरे कागद दिले आणि दोन्ही लेखांतील अक्षरे जमतील तशी उतरवून घ्या असे सांगितले. फारसी कागद लवकर झाला. मराठीला वेळ लागला, कारण दगड झिजला आहे आणि जुन्या अक्षरांची वळणे आमच्याही परिचयाची नाहीत. आमचेही एक अक्षर चुकले. ते त्याच मुलाने दाखवून दिले.