मद्रासची नाताळसुटी

आपल्या देशातील संघटित राजकारण सुटीच्या दिवसांत वाढले, असे म्हटले तर श्रोत्यांना थोडे नवल वाटेल. पण राष्ट्रसभेची अधिवेशने पहिली अनेक वर्षे डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात भरत, आणि त्याचे कारण उघड होते. सभेचा भार वाहणारे वकील, अध्यापक आणि संपादक हे आपापल्या व्यवसायात गुंतलेले. न्यायालये आणि विद्यालये नाताळात बंद असत, तेवढेच दिवस त्यांना मोकळे मिळत. ते त्यांनी घराला न देता देशाला दिले.

या दानाचा उत्तम दाखला म्हणजे १८८७ सालचे मद्रास, अर्थात आजचे चेन्नई. राष्ट्रसभेचे तिसरे अधिवेशन तेथे बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. स्वागत समितीचे अध्यक्ष होते राजा सर टी. माधवराव. कुंभकोणम येथे १८२८ साली तंजावरकडील मराठी कुळात जन्मलेले हे गृहस्थ त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करून मद्रासला स्थायिक झाले होते. विश्रांतीचा हक्क ज्यांना सर्वांत अधिक, त्यांनीच यजमानपणाचे ओझे शिरावर घेतले.

ते ओझे लहान नव्हते. दोन वर्षांपूर्वी मुंबईस ७२ प्रतिनिधी जमले होते. मद्रासला ६०७ आले. त्यांच्यासाठी बागेत मांडव उभारावा लागला, आणि निवासाची व भोजनाची काळजी नगरानेच वाहिली. खर्चासाठी केवळ धनिकांच्या दारी जाऊन भागले नाही. एक आण्यापासून दीड रुपयापर्यंतच्या देणग्यांतून सुमारे आठ हजार लोकांनी साडेपाच हजार रुपये दिले. हिशेब केला तर माणशी अकरा आणे पडतात! वीरराघवाचार्यांनी तमिळ भाषेत लिहिलेल्या प्रश्नोत्तररूप पुस्तिकेच्या तीस हजार प्रती लोकांच्या हाती गेल्या होत्या. ज्याला इंग्रजी व्याख्यान कळत नव्हते, त्यालाही सभा आपली वाटली, ती अशा खटपटीमुळे. त्याच सुटीत, त्याच शहरात, महादेव गोविंद रानडे आणि दिवाण बहादूर रघुनाथराव यांच्या पुढाकाराने सामाजिक परिषदेचाही आरंभ झाला.

तथापि, या सेवेत एक उणीव होती. सुटी संपली, मांडव उतरला, की कार्यकर्ता आपल्या कचेरीत परतत असे. वर्षातून चार दिवसांच्या देशभक्तीने काय साधणार, हा आक्षेप पुढे टिळकांसारख्यांनी घेतला, आणि तो खोटा नव्हता. त्याला एक उत्तर मद्रास इलाख्यातच मिळाले. १९२३ च्या डिसेंबरात काकिनाडा येथील अधिवेशनप्रसंगी हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या प्रयत्नाने हिंदुस्थानी सेवादल स्थापन झाले. स्वयंसेवकाला शिस्त हवी, शिक्षण हवे, आणि त्याचे काम बारमाही हवे, ही त्यामागील दृष्टी होती.

पुढे मद्रासच्या सुटीची कठोर परीक्षा झाली. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी समुद्र किनाऱ्यावर चालून आला. सर्वांत मोठा घाव बसला तो कोळ्यांच्या वस्त्यांवर. सुटीत घरी असलेले नागरिक अन्नवस्त्रे घेऊन किनाऱ्याकडे धावले. अकरा वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, अड्यार नदीचे पाणी शहरात शिरले. तेव्हा हेच कोळी आपल्या नावा रस्त्यांवर घेऊन आले आणि त्यांनी पुरात अडकलेल्यांना बाहेर काढले.

त्यांना कोणी सुटी दिली नव्हती. हातावर पोट असणाऱ्या माणसाचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची भाकरी. सुटीतली सेवा चांगलीच. तिच्यापासून मोठी कामे सुरू होतात, हे १८८७ सालाने दाखविले. पण ज्याला सुटीच नाही त्याने दिलेला दिवस त्याहून मोलाचा, आणि एक आणा देणाऱ्या मद्रासच्या त्या अनाम माणसाशी त्या कोळ्याचे नाते अधिक जवळचे आहे.