मला आवडलेले आणि नावडलेले बोलपट

सिनेमाच्या वेड्याला लोक हमखास एक प्रश्न विचारतात. तुमचा सर्वांत आवडता बोलपट कोणता? मला त्याचे उत्तर द्यायला वेळ लागत नाही. प्रभातचा 'शेजारी'! पण या उत्तरामागे आमच्या नांदेड-लातूरकडचा थोडा इतिहास आहे. तो सांगितल्यावाचून उत्तर पुरे व्हायचे नाही.

माझ्या लहानपणी आम्हां खेड्यांतल्या पोरांना सिनेमा भेटायचा तो जत्रेतल्या तंबूत. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, तमाशाचे फड आणि त्यांच्या शेजारी सिनेमाचा तंबू. खाली जमीन, वर कापड. रीळ बदलेपर्यंत अंधार आणि त्या अंधारात पोरांचा कल्ला. अशा तंबूत मी पहिल्यांदा 'संत तुकाराम' पाहिला. 1936 सालचा हा चित्रपट दामले-फत्तेलाल यांनी काढला. पागनिसांचा तुकाराम सर्वांच्या लक्षात राहतो. माझ्या मनात घर केले ते गौरीबाईंच्या जिजाईने. पोर आजारी, घरात दाणा नाही. ती बाई चप्पल घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. संताच्या बायकोला कजाग दाखवून हसे पिकवणे सोपे होते. या चित्रपटाने तिची बाजूही खरी मानली. चांगला चित्रपट कसा ओळखावा, हे मला तिथे कळले. ज्याचा आपल्याला राग यावा, त्याचेही ऐकून घ्यायला जो लावतो, तो चांगला.

आता 'शेजारी'कडे येतो. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट 1941 सालचा. विश्राम बेडेकरांची कथा, आणि एका गावातल्या दोन म्हाताऱ्यांची दोस्ती. केशवराव दाते यांचा पाटील, गजानन जागीरदारांचा मिर्झा. गावाजवळ धरण व्हायचे असते. जमिनीच्या लोभाने दोघांत वितुष्ट घातले जाते आणि शेवटी धरण फुटते, तेव्हा दोघे एकत्रच जातात. हिंदी 'पडोसी'त तर ठाकुराचे काम मजहर खान यांनी केले आणि मिर्झाचे जागीरदारांनी. म्हणजे हिंदूची भूमिका मुसलमान नटाकडे आणि मुसलमानाची हिंदू नटाकडे! पाकिस्तानच्या मागणीचा ठराव लाहोरला होऊन तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते.

हा चित्रपट मी दादांबरोबर, म्हणजे आमच्या वडिलांबरोबर पाहिला. दादा निजामी राजवटीत उर्दूतून शिकलेले. सिनेमा पाहून येताना ते नेहमी काही ना काही बोलत. त्या रात्री घरापर्यंत अवाक्षर नाही. पुष्कळ वर्षांनी एकदा सांगितलं. 1948 च्या उन्हाळ्यात रझाकार गावात शिरले, तेव्हा आमच्या आजीला शेजारच्या चाचांनी आपल्या माजघरात लपवलं. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, वारे उलटे फिरले, तेव्हा चाचांना आमच्या कडब्याच्या गंजीआड ठेवलं. तीन रात्री. "चौथ्या रात्री ते गेले. परत आले नाहीत," एवढंच दादा म्हणाले.

रझाकारांनी आमच्या भागात केलेले अत्याचार सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्याशी झुंजलेल्या माणसांचे ऋण आपल्यावर आहेच. परंतु 17 सप्टेंबरनंतर निरपराध मुसलमानांचेही रक्त सांडले. भारत सरकारने धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदवले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. ही दुसरी बाजू बोलायला आम्ही फार वर्षे घेतली.

म्हणूनच त्या काळावरचे जे चित्रपट मी पाहिले, त्यांनी माझी निराशा केली. एक बाजू सगळी काळी, दुसरी सगळी पांढरी. अशा चित्रपटांत रझाकार असतो, चाचा नसतो. तमाशापटांचेही तसेच झाले. 'सांगत्ये ऐका' 1959 साली आला. हंसा वाडकरांचे ते काम मी कितीदा तरी पाहिले. पण मागून त्याच साच्यातले चित्रपट निघत राहिले. तोच मिशीवाला पाटील, तीच बिचारी नाचणारी. माणसे गेली, सोंगे उरली.

अलीकडचे सगळे वाईट, असे मात्र म्हणू नये. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (2013) जब्या शेवटी दगड भिरकावतो, तो पडद्यातून थेट आपल्याकडे येतो. दोष दुसऱ्याच्या माथी मारून घरी जायची सोय त्याने ठेवलेली नाही.

असो. आवडनिवड ज्याची त्याची. तुम्ही तुमचे आवडते चित्रपट खुशाल वेगळे सांगा. पण चित्रपट सुटल्यावर घरी जाताना शेजारचे दार दिसते, तेव्हा मनात काय येते, एवढे एकदा स्वतःला विचारून पाहा. दादा त्या रात्री आमच्या दाराशी आल्यावर क्षणभर थांबले होते. पाहत होते ते शेजारच्या दाराकडे. तिथे कुलूप होते.