मृगातील पाणी

जून उजाडला की आपल्या नांदूरघाट परिसरातील शेतकऱ्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो : मृग कधी बरसणार? ज्या मृगाच्या नावाने आपण पावसाची वाट पाहतो, तो तारकासमूह हिवाळ्याच्या रात्री ठळक दिसतो. अरबी खगोलज्ञ त्यास ‘अल-जब्बार’ म्हणत. दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी आपल्या ग्रंथात त्याची आकृती व ताऱ्यांची नोंद दिली. या मृगात खरोखरच पाणी आहे, हे मात्र जगाला १९६९ साली कळले. हा इतिहास बोधप्रद आहे.

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स टाउन्स रेणूंच्या साहाय्याने रेडिओतरंग प्रबळ करण्याचा प्रयत्न करीत होते. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांना हे काम सोडण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. १९५४ साली त्यांचे ‘मेसर’ हे उपकरण सिद्ध झाले आणि १९६४ साली त्यांना दोन रशियन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक लाभले.

पुढे टाउन्स खगोलशास्त्राकडे वळले. ताऱ्यांमधील विरळ पोकळीत असे रेणू टिकणार नाहीत, असे अनेक जाणकार मानीत. तरीही कॅलिफोर्नियातील हॅट क्रीक येथे टाउन्स, जॅक वेल्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६ मीटर व्यासाच्या तबकडीने शोध घेतला. मृगातील तेजोमेघासह तीन ठिकाणांहून पाण्याच्या वाफेचे १.३५ सेंटिमीटर लांबीचे तरंग मिळाले. ते इतके प्रखर होते की केवळ उष्णतेने त्यांचा उलगडा होईना. निसर्गाने स्वतःच तेथे मेसर उभारला होता!

हे कसे घडते? सूर्याच्या आठपट वा अधिक वस्तुमानाचा तारा जन्मताना वेगाने वायू बाहेर फेकतो. तो भोवतालच्या मेघावर आदळून तापतो व वाफेच्या रेणूंत ऊर्जा साठते. मग जवळून जाणाऱ्या तरंगाला ते रेणू आपली ऊर्जा देतात आणि तरंग वाढत जातो. दाट धुळीमुळे हे नवजात तारे डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्या जन्माची वार्ता हे तरंग आणतात. मृगातील मेघ सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज पोहोचणारे तरंग हिजरी सनाच्या पहिल्या शतकात निघालेले आहेत.

आपल्या महाराष्ट्रातही नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या. त्या अधिक लांबीचे तरंग टिपतात. पाण्याचे तरंग त्यांच्या कक्षेत येत नाहीत. परंतु हे शास्त्र आपल्यापासून दूर नाही, याची साक्ष त्या देतात.

पालकहो, मुलामुलींनी आकाशाकडे बोट दाखवून काही विचारले, तर “त्याचा काय उपयोग?” म्हणून त्यांना गप्प करू नका. टाउन्स यांनाही थांबविणारे भेटलेच होते. ते थांबले असते, तर मृगातील पाण्याची वार्ता कळण्यास जगाला आणखी वाट पाहावी लागली असती.