आधी पाणी, मग बाग

बागांचा इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांच्या इतिहासातील एक शोभिवंत कोपरा, अशी आपली समजूत असते. कामगारांच्या सभांतून आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याने त्यावर बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु बाग म्हटली की पाणी आले आणि पाणी म्हटले की पाट आला. तो पाट कोणी खणला व पाणी कोणाच्या पाळीला आले, हे प्रश्न बारामती-इंदापूरच्या माणसाला शिकवावे लागत नाहीत.

पुण्यास सिंहगड रस्त्यावर सुमारे दहा एकरांत जपानी धर्तीची एक बाग आहे. तिचे नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, पु. ल. देशपांडे यांचेही नाव तिला दिलेले आहे. वळणे घेत जाणारा ओढा, त्यावरचे लहान पूल, मुद्दाम रचलेली टेकाडे व मोकळी हिरवळ पाहत माणूस हळूहळू चालतो. सगळी बाग एकदम दिसत नाही. प्रत्येक वळणावर ती थोडी थोडी उलगडते. अशा बागेचे मर्म तेच होय.

हिचा मूळ नमुना म्हणजे जपानातील ओकायामा शहराची कोराकुएन ही बाग. तेथील सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ साली ती आरंभिली व १७०० साली ती पुरी झाली. काम पाहिले त्सुदा नागातादा या कारभाऱ्याने. हा केवळ बागा रचणारा माणूस नव्हे. आसाही नदीचा पूर शहरात शिरू नये म्हणून तिचे जादा पाणी बाजूने काढून देणारा प्रवाह त्याने बांधला. समुद्र हटवून शेतजमीन केली. सामान्यांच्या मुलांसाठी शिझुतानी येथे शाळा उभारली. पुराचा बंदोबस्त आधी झाला, बाग मागाहून आली, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्या बागेत भाताची खाचरे व चहाचे मळेही आहेत. शेतीला तेथे कुंपणाबाहेर ठेवलेले नाही.

ती बाग मूळची सरदाराच्या सुखासाठी होती, हेही विसरता येत नाही. १८८४ साली ती प्रांताच्या ताब्यात आली, तेव्हा कोठे सर्वांना खुली झाली. १९३४च्या पुराने व १९४५च्या बॉम्बवर्षावाने तिची नासधूस झाली. जुनी चित्रे व नकाशे समोर ठेवून लोकांनी ती पुन्हा उभी केली. ‘कोराकुएन’ हे नाव तिला १८७१ साली मिळाले. अकराव्या शतकातील चिनी मुत्सद्दी फान जोंग्यान याच्या एका वचनावरून ते घेतले आहे. राज्य करणाऱ्याने जगाची काळजी सर्वांच्या आधी वाहावी आणि सुख मात्र सर्वांच्या मागून भोगावे, असा त्याचा आशय. मागून भोगण्याच्या सुखाची बाग, असा त्या नावाचा अर्थ आहे.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या बागेपासून जवळच, पर्वतीच्या पायथ्याने मुठा कालवा वाहतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून खडकवासल्याचे धरणही गेले. ते पुन्हा बांधल्यावर नवा उजवा कालवा सुमारे दोनशे किलोमीटर, थेट इंदापूर तालुक्यापर्यंत नेण्यात आला. बारामतीचा नीरा डावा कालवा त्याहून जुना, १८८५ सालचा. त्याच्या कामावर १८७६-७७च्या दुष्काळात पोटासाठी आलेली माणसे राबली. धरणांना साहेबांची नावे मिळाली; घमेली वाहणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी याच मुठा कालव्याची भिंत पुण्यात जनता वसाहतीजवळ फुटली आणि गरिबांच्या घरांत पाणी शिरले, संसार वाहून गेले. म्हणजे एकाच पाण्याचे तीन धनी दिसतात: शहर, कालव्याकाठची झोपडी आणि टेलचा शेतकरी. टेलवाल्याच्या वाट्याला बहुधा वाट पाहणे येते. आवर्तन लांबले की उभा ऊस वाळतो, आणि पाणी आले तर रात्री-अपरात्री दारे धरावी लागतात.

शहराला बाग नको, असे मी म्हणणार नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला दोन घटका सावलीत बसण्याचा हक्क आहे. आठ तासांच्या दिवसासाठी कामगार झगडले ते यासाठीही. माझे म्हणणे क्रमापुरते आहे. कालव्याची भिंत आधी धड असावी, टेलला पाळी वेळेवर पोचावी. मग इंदापूरचा शेतकरी पुण्यास गेला असता त्या ओढ्याकाठी निवांत बसू शकेल, आणि ते पाणी आपल्या वाट्यातून कापलेले नाही, हे त्याला ठाऊक असेल.